पाच व्हायोल आणि रानातली दैवतं : प्रकल्प नोंदी

१४ जानेवारी २०२४, हॅम्बर्ग

मे महिन्यातल्या मैफलीचा विषय आज ठरला. रानातली दैवतं. सॅटर आणि फॉन (अर्धे माणूस, अर्धे बोकड), सिल्व्हन (वनदेव), ड्रायड (झाडातल्या), नायड (पाण्यातल्या) अशी ग्रीक-रोमन पुराणांतली ही मंडळी सतराव्या-अठराव्या शतकाच्या संगीतात कुठे कुठे भेटतात ते शोधायचं आणि पाच व्हायोलवर तासाभराचा कार्यक्रम बसवायचा. जागा चर्चमागचा छोटा हॉल, खुर्च्या साठ-सत्तर. नोंदी मी ठेवायच्या आहेत. त्या मराठीत ठेवतेय, कारण सुरांचा विचार करताना माझ्या डोक्यात शब्द मराठीच येतात. मिरजेत वाढले, तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीतून शाळेत जायचे. तारेखाली दोरा इकडे-तिकडे सरकवत, कान लावून जवारी काढणारा कारागीर हे माझं संगीताचं पहिलं चित्र आहे.

पुढे कुणी वाचलं तर कळावं म्हणून वाद्याबद्दल चार ओळी. व्हायोल आणि व्हायोलिन ही वेगळी घराणी आहेत. व्हायोल लहान असो की मोठं, ते पायांत धरून, उभं ठेवून वाजवतात. सहा तारा, आतड्याच्या, ज्याला आपल्याकडे तात म्हणतात. गळ्यावर सात पडदे, तेही तातीचेच, गाठ मारून बांधलेले. सतारीचे पडदे सरकवता येतात तसे हेही सरकतात, आणि सुराची बारीक दुरुस्ती तिथेच होते. गज तळहात वर करून धरायचा, सारंगीवाल्यासारखा. मी पहिल्यांदा हे वाद्य हातात घेतलं तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी माझा गज धरलेला हात पाहिला आणि काही न सांगता पुढच्या धड्याकडे गेल्या. सारंगी मी कधीच वाजवलेली नाही, पण लहानपणी भरपूर पाहिली होती.

आमच्यात दोन ट्रेबल (सगळ्यात लहान, उंच आवाजाचं), दोन टेनर (मधलं) आणि एक बेस (मोठं, खर्जातलं). बेस माझ्याकडे. फ्रेंच भागासाठी दुसऱ्या टेनरवाल्या बाई त्यांचं बेस आणतील.

२१ जानेवारी

कार्यक्रमाचा कणा सापडला. १ जानेवारी १६११, लंडन, व्हाइटहॉलचा राजवाडा. नाटककार बेन जॉन्सननं लिहिलेला ‘ओबेरॉन’ हा मास्क. मास्क म्हणजे दरबारी खेळ: काव्य, गाणं, नाच, देखावे, आणि शेवटी राजघराण्यातली माणसं स्वतः उतरून नाचतात. देखावे आणि पोशाख इनिगो जोन्सचे. ओबेरॉन, म्हणजे पऱ्यांचा राजा, झाला होता सोळा वर्षांचा युवराज हेन्री. गाणी अल्फोन्सो फेराबोस्कोची, नाचांच्या चाली रॉबर्ट जॉन्सनच्या.

बेन जॉन्सनची संहिता आज सलग वाचली. अंधार, एक मोठा कडा, वर चंद्र. एक सॅटर शिंग फुंकतो, मग दुसरे येतात, मग त्यांचा म्हातारा गुरू सायलेनस. युवराज येणार म्हटल्यावर सॅटरांची चर्चा चालते ती अंगावर काय काय चढवायचं याची. त्यातली एक कल्पना म्हणजे केसाळ मांड्यांना घंट्या बांधायच्या, म्हणजे नाचताना ताल धरला की त्या वाजतील, आणि वनदेवांच्या पाव्यांपेक्षा मोठ्यानं. मग कडा उघडतो, आत महाल, आणि महालाच्या दाराशी दोन सिल्व्हन: अंगावर पानं, हातात सोटे, आणि गाढ झोपलेले. राखणदार झोपलाय म्हणून सॅटर त्यांच्या कानाशी माशी-मधमाशीचं गाणं गुणगुणतात.

त्यानंतर चंद्राला उद्देशून एक गाणं, आणि ते संपताच सॅटर एकदम नाचू लागतात. संहितेतली सूचना अशी की तो नाच अंगविक्षेपांचा आणि चपळ होता, आणि कोंबडा आरवेपर्यंत चालला.

त्या कोंबड्यापाशी मी थांबले. नाच पूर्ण होत नाही, तो मध्येच तुटतो. उजाडतंय, खेळ आटपा.

३० जानेवारी

सॅटरांच्या चालीचा माग काढला. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मास्कच्या चालींचं एक हस्तलिखित आहे, त्यात ‘सॅटर्स मास्क’ या नावानं ती आहे. पण त्या वहीत फक्त वरची चाल आणि खालचा बेस. मधले आवाज नाहीत. म्हणजे घर आहे, छप्पर आणि जोतं धड, मधल्या भिंती गेलेल्या.

भिंती सापडल्या त्या माझ्याच गावात. विल्यम ब्रेड हा इंग्लंडहून निघालेला वादक डेन्मार्कच्या राजाकडे, ब्रांडेनबुर्गमध्ये, उत्तर जर्मनीच्या गावागावांत नोकऱ्या करत फिरला आणि १६३० साली हॅम्बर्गमध्ये वारला. १६१७ साली त्यानं नाचांच्या चालींचा मोठा संग्रह छापला, पाच आवाजांत. त्यात सॅटरांचा नाच आहे. चेटकिणींचाही आहे, तो ‘ओबेरॉन’च्या दोन वर्षं आधीच्या दुसऱ्या एका मास्कमधला.

लंडनच्या दरबारात एका रात्री वाजलेली चाल सहा वर्षांत इथे छापून आली. इथल्या लोकांनी ती वह्यांतून घरी नेली, टेबलाभोवती बसून वाजवली. त्यांच्यापुढे ना कडा होता, ना चंद्र, ना नाचणारे. आम्ही मे महिन्यात करणार ते नेमकं तेच आहे, आणि याचा मला फार आधार वाटला. दरबार उभा करायला आम्ही जाणार नाही. ब्रेडची वही विकत घेणाऱ्या माणसाच्या बाजूनं ही चाल वाजवू.

११ फेब्रुवारी

सॅटर पहिल्यांदा वाजवून पाहिला. नीट वाजला, आणि तेच वाईट झालं. पाच सभ्य माणसं चहाला बसल्यासारखं.

कारण शोधायला तासभर गेला. पहिलं कारण वाद्याचं आहे. व्हाइटहॉलमध्ये नाचाला व्हायोलिनं होती. हिशेबाच्या कागदांत थॉमस लुपोला चाली व्हायोलिनांसाठी लावून दिल्याबद्दल पैसे दिल्याची नोंद आहे. व्हायोलिनवर जोराची मात्रा खेचत्या गजावर येते. हाताचं सगळं वजन वरून खाली पडतं आणि नाचणाऱ्याच्या पायाला धक्का मिळतो. व्हायोलवर उलटं आहे. आमची जोराची मात्रा ढकलत्या गजावर येते, आणि तळहात वर असल्यामुळे वजन पडत नाही, ते बोटांनी द्यावं लागतं. मधलं बोट गजाच्या केसांना आतून दाबतं, तेवढंच. त्यामुळे सुराची सुरुवात ठोक्यासारखी येत नाही, फुगत येते. नाचाला हे मारक आहे आणि गाण्याला तारक.

दुसरं कारण आमचं. चाल मध्येच दोनाची तीन होते, आणि तिथे आम्ही पाचही जण पुढच्या मात्रेची तयारी करत होतो. पायरी येणार हे ठाऊक असलेल्या माणसासारखे उतरत होतो. सॅटरला ते ठाऊक नसतं. शेळीचे पाय असलेल्याला लय माहीत असते, पण ती मोडणार आहे हे माहीत नसतं. रात्री घरी आल्यावर वाटलं की या चालीत सॅटर राहतो तो याच सांध्यात. वरच्या सुरावटीत त्याला शोधून उपयोग नाही, ती तशी साधीच आहे.

१८ फेब्रुवारी

संहितेतल्या घंट्या डोक्यातून जात नव्हत्या. जानेवारीतच आईला सांगून घुंगरं मागवली होती, ती ओळखीच्या एकाच्या सामानातून आज पोचली. पितळेची, जाड दोरीत ओवलेली, एका पायाला पन्नास. पुडी उघडताच खोलीत तो कोरडा, दाटीवाटीचा आवाज आला आणि मला क्षणभर जत्रेतल्या फडाच्या पडद्यामागे उभं असल्यासारखं झालं.

सरावाला पहिल्या ट्रेबलवाल्या बाईंनी उत्साहानं मांडीला बांधली. जमलं नाही. व्हायोल पायांच्या पकडीत असतं. ती पकड कधी स्थिर नसते, प्रत्येक गजाबरोबर पोटऱ्या आणि मांड्या केसभर हलतात. तेवढ्यानंही पन्नास घुंगरं खुळखुळत राहतात, हवी तेव्हा आणि नको तेव्हा. शिवाय पितळ आणि तात यांची मैत्री नाही. तातीचा सूर जिथे विरत जातो, नेमकं तिथे पितळ बोलतं. पाच व्हायोलमधले मधले आवाज, जे ब्रेडमुळे मिळाले म्हणून मी इतकी हरखले होते, ते सगळे बुडाले.

संध्याकाळी आईला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, “चाळ पायाची असते गं, वाद्याची नसते.”

पुन्हा संहिता काढून पाहिली. घंट्या बांधायच्या त्या नाचणाऱ्या सॅटरांनी. वाजवणाऱ्यांचा तिथे संबंधच नाही. आईचं बरोबर आहे. आमच्यात नाचणारं कुणी नाही, तर चाळही नाही. घुंगरं डब्यात गेली.

३ मार्च

पण खुरांचा आवाज हवा होता, आणि तो सापडला टोबायस ह्यूमकडे. ह्यूम हा कॅप्टन, पेशानं भाडोत्री सैनिक, आणि व्हायोलवेडा. १६०५ साली लंडनमध्ये त्यानं आपल्या रचना छापल्या आणि प्रस्तावनेत ठासून सांगितलं की ल्यूट या छेडून वाजवायच्या तंतुवाद्यावर जे जे होतं ते ते व्हायोलवर होतं. ल्यूटचा मोठा कलावंत जॉन डाउलंड याला ते इतकं झोंबलं की १६१२च्या आपल्या पुस्तकात त्यानं उत्तर दिलं. ह्यूमच्या त्या संग्रहात ‘हार्क, हार्क’ नावाची एक रचना आहे, त्यात एका जागी सूचना येते: गजाच्या पाठीनं ताशासारखं वाजव. म्हणजे केसांनी नाही, लाकडानं तारेवर ठोके.

‘ओबेरॉन’च्या सहा वर्षं आधी, त्याच शहरात, व्हायोलवर लाकडानं वाजवण्याची कल्पना छापलेली होती. ती सॅटरांच्या नाचात कुणी वापरली असा दावा मी करणार नाही. पण त्या काळाच्या कानाला ती परकी नव्हती, एवढं पुरे.

आज मी एकटीनं बेसवर करून पाहिलं. गज उलटा केला, जाड तारेवर लाकूड सोडलं. ठोक्याबरोबर एक खोल, पोकळ सूर मागे राहतो, ओल्या मातीवर खूर पडावं तसा. टेनरवाले आजोबा वाजवायचे थांबून ऐकत राहिले. आजोबांनी पन्नास वर्षं सुतारकाम केलंय. ते म्हणाले की लाकूड असं बोलतं तेव्हा आत पोकळी असते. मग माझ्या व्हायोलच्या पाठीवर त्यांनी बोटाच्या पेरानं एक टिचकी मारली आणि तोच सूर आला.

ठरलं: चाल दोनदा. दुसऱ्या वेळी, तीनाची लय सुरू होते तिथे, फक्त बेस लाकडावर. बाकी चौघं गजावरच.

१० मार्च

गाणी फेराबोस्कोची, असं वर लिहिलंय. हा फेराबोस्को स्वतः व्हायोलचा मोठा वादक आणि युवराज हेन्रीचा संगीतशिक्षक. १६०९ साली त्यानं एक, दोन आणि तीन व्हायोलसाठी रचना छापल्या. त्याची ‘फोर नोट पॅव्हन’ (पॅव्हन म्हणजे संथ दरबारी नाच) पाच व्हायोलची आहे: वरच्या आवाजात चार सुरांची एकच आकृती पुन्हा पुन्हा येते, आणि खाली बाकीचे चार आवाज दर वेळी तिच्याभोवती वेगळं काही विणतात. पुढे याच पॅव्हनवर बेन जॉन्सननं प्रार्थनेचे शब्द बसवले.

सॅटरांच्या चंद्रगीतामागची दोन माणसं आणि या प्रार्थनेमागची दोन माणसं एकच. म्हणून ती सॅटरांच्या आधी घेतोय, कार्यक्रमाची पहिली रचना. रानात शिरण्याआधी हात जोडावेत तसं. हे विषयाला सोडून आहे असं दुसऱ्या ट्रेबलचं म्हणणं. मला पटत नाही. रान रिकामं नाही, तिथे कुणीतरी आहे, ही जाणीव ज्याला आहे तो आत शिरताना आवाज खाली आणतोच.

२४ मार्च

फ्रान्सकडे वळलो. मारँ मारे, व्हायोलवादक आणि रचनाकार, १६५६ ते १७२८, व्हायोलच्या रचनांची पाच पुस्तकं, पहिलं १६८६चं आणि शेवटचं १७२५चं. त्याचा गुरू सँत-कोलोंब. तितों द्यु तिये नावाच्या चरित्रकारानं १७३२ साली लिहिलेली हकिकत अशी: शिष्य आपल्या पुढे जाईल हे दिसल्यावर सहा महिन्यांतच गुरूनं सांगितलं, आता तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. सँत-कोलोंब उन्हाळ्यात बागेतल्या तुतीच्या झाडावर फळ्यांची खोपी करून त्यात वाजवत बसे, कुणाचा व्यत्यय नको म्हणून. मारे त्या खोपीखाली जाऊन लपून ऐकायचा आणि गुरूनं स्वतःसाठी राखून ठेवलेल्या गजाच्या खुब्या उचलायचा.

ही गोष्ट मी आधीही वाचली होती. पण या वेळी मला त्यात दिसलं ते झाड. फांद्यांत बसलेला, डोळ्यांना न दिसणारा, वरून सूर सोडणारा कुणीतरी, आणि खाली बुंध्याशी श्वास रोखून बसलेलं पोर. झाडातल्या अस्तित्वाबद्दल सगळ्या लोकांनी सांगितलेल्या गोष्टींचा सांगाडा असाच असतो. मारेनं पुढे फॉन आणि ड्रायड यांच्यासाठी संगीत लिहिलं तेव्हा त्याच्या कानात ती तुती असेल असं मला मनापासून वाटतं.

ते संगीत आहे ‘आल्सिऑन’ या त्याच्या ऑपेराच्या नांदीत. १७०६, पॅरिस. पडदा उघडतो तो त्मोलस पर्वतावर. वर नद्या आणि नायड आपापल्या कुंभांवर रेलून बसलेल्या, त्यांच्या कुंभांतून पाणी पडतंय. समोर रानाचा देव पॅन आणि संगीताचा देव अपोलो यांची स्पर्धा लागते, पर्वत स्वतः निवाडा करतो, आणि अपोलो जिंकतो.

आईला नायड समजावून सांगताना मी म्हटलं, “पाण्यातल्या बायका.” ती लगेच, “म्हणजे आसरा.” आजोळच्या विहिरीत सातीआसरा आहेत म्हणून भर दुपारी बाराला आम्हाला तिकडे फिरकू देत नसत. खण-नारळ न ठेवता त्या पाण्यात कुणी पोहत नसे. फरक एवढाच की त्मोलसवरच्या नायडांची कुणाला भीती वाटत नाही. त्या राजाच्या करमणुकीसाठी नीटनेटक्या बसल्या आहेत. मारेचं संगीतही तिथे सुंदर आहे, डौलदार आहे, आणि निर्धास्त आहे. भीती येते चौथ्या अंकातल्या वादळात. तिथे त्यानं सैल कातड्याचे ढोल सतत घुमवत ठेवले आणि बेसच्या वाद्यांखाली तो घुमारा पसरला. पाण्यातलं जे नांदीत दागिने घालून बसलं होतं, ते तिथे खरं बाहेर येतं. ते वादळ आमच्या आवाक्यातलं नाही, ढोलही नाहीत. फॉन-ड्रायडांचा नाच तेवढा पाच आवाजांत घेतोय. सोपा आहे. दोन सरावांत बसेल.

७ एप्रिल

फ्रेंच रचनाकार फ्राँस्वा कूपरँचं ‘ले सिल्व्हँ’, म्हणजे सिल्व्हन. १७१३ सालच्या त्याच्या पहिल्या पुस्तकातलं, मूळ हार्प्सिकॉर्ड या पियानोआधीच्या पट्ट्यांच्या वाद्यासाठी. त्याच्याच काळातल्या रोबेर द व्हिझेनं ते थिऑर्बो या लांब गळ्याच्या, खर्जातल्या तंतुवाद्यावर उतरवलं होतं, तेव्हा व्हायोलवर आणण्यात गैर काही नाही. वरची सूचना: भारदस्तपणे, पण संथ न होता.

दोन बेस व्हायोलसाठी मांडणी केली. पहिला प्रयत्न पूर्ण चुकला, आणि चूक माझी. वरची ओळ ट्रेबलला दिली होती, ऐकायला उजळ लागेल म्हणून. वाजल्यावर कळलं की त्या रचनेचा जीवच खाली आहे. कूपरँनं दोन्ही हात हार्प्सिकॉर्डच्या खालच्या अर्ध्यात ठेवलेत, ते उगाच नाही. सावलीतून वर काढताच सिल्व्हन नाहीसा झाला आणि बागेतलं कारंजं उरलं. सगळं खोडून दोन्ही आवाज बेसवर आणले. आता धृपदासारखी पुन्हा पुन्हा परत येणारी ती ओळ पोटातून येते. टेनरवाल्या बाई दुसरं बेस वाजवताना डोळे मिटतात आणि मिटलेले ठेवतात.

मारेनं आपल्या पुस्तकांत एक खूण वापरली आहे, सुरावर छोटं ‘e’ अक्षर: इथे सूर फुगव. सूर लागल्यानंतर, गजाच्या मध्यावर, बोटानं केस दाबून. कूपरँच्या या रचनेत तशी खूण नाही, पण परत येणाऱ्या ओळीतल्या लांब सुरांवर मी ती पेन्सिलीनं घातली. ११ फेब्रुवारीला जी गोष्ट सॅटरला मारक ठरली होती, व्हायोलच्या सुराचं उशिरा फुगणं, तीच इथे सिल्व्हनचा श्वास होते. ‘ओबेरॉन’मधले दोन राखणदार आठवा: पानं पांघरून, सोटे घेऊन, झोपलेले. झोपलेल्या मोठ्या शरीराची छाती वर येते आणि खाली जाते.

कोकणातल्या लोकांना राखणदार सांगावा लागत नाही. आमच्या घाटावर तो शब्द तितका नाही, पण मला सिल्व्हनसाठी दुसरा सुचतच नाही.

२१ एप्रिल

वरची तार गेली. हॉलमधली गरम हवा अचानक बंद केली होती आणि खिडक्या उघड्या. तातीला हवेतला बदल सोसत नाही. नवी तार ताणून बसेपर्यंत दोन-तीन दिवस सूर पळत राहणार. पडदेही चौथा आणि सहावा नवे बांधले. सराव झाला नाही.

५ मे

कोंबडा.

चाल कुठे तोडायची यावर आज पूर्ण सराव गेला. हस्तलिखितात आणि ब्रेडमध्ये चाल रीतसर संपते, शेवटचा सूर टेकतो. संहितेत मात्र नाच कोंबडा आरवल्यावर अडवला जातो. तेव्हा वाजवणाऱ्यांनी नेमकं काय केलं ते कागदावर नाही. आम्ही पहिल्या वेळी चाल पूर्ण वाजवणार, म्हणजे ऐकणाऱ्याला शेवट कुठे आहे हे ठाऊक होईल. दुसऱ्या वेळी, लाकडाचे ठोके सुरू झाल्यावर, शेवटच्या ओळीच्या मध्यावर तोडायचं. कोंबड्याचा आवाज काढायचा नाही. कुणी काढला तर लोक कोंबड्याकडे बघतील. त्यांनी थांबण्याकडे बघायला हवं.

तोडल्यावर शांतता, आणि शांततेतून दोन बेसवर ‘ले सिल्व्हँ’. एकशे दोन वर्षांचं अंतर, लंडन ते पॅरिस, आणि मध्ये एक श्वास.

अडचण अशी की ती शांतता आम्ही पाचही जण मोजत होतो. चार मात्रा, मग पुढची रचना. मोजलेली शांतता ऐकू येते. माणसं थांबलीत हे कळतं, पण काही थांबलंय असं वाटत नाही. सहा वेळा केलं, सहाही वेळा तसंच. शेवटी आजोबांनी सुचवलं की मोजू नका, गज तारेवरून उचला आणि तारेची थरथर डोळ्यांना दिसेनाशी होईपर्यंत तारेकडे बघा. बेसची खालची तार बरीच लांब थरथरते, कान सोडून देतो त्यानंतरही ती धूसर दिसत राहते. आम्ही बघितलं. ती रेघ हळूहळू बारीक, बारीक, मग नुसती तार. आणि तेव्हा सुरुवात केली.

माझ्या कागदावर त्या जागी पेन्सिलीनं लिहिलं: इथे थांब. मोजू नको.

१९ मे

हॉलमध्ये रंगीत तालीम. क्रम: फेराबोस्कोचा पॅव्हन, ब्रेडच्या वहीतल्या चेटकिणी, दोन ट्रेबलची एक छोटी फँटसी (मुक्त बांधणीची रचना), मारेच्या फॉन-ड्रायडांचा नाच, मारेच्याच व्हायोल पुस्तकांतल्या दोन रचना, मग सॅटर, कोंबडा, सिल्व्हन. काळाच्या क्रमानं लावलेलं नाही. दुसऱ्या ट्रेबलनं विचारलं की सॅटर शेवटाकडे का, ते तर मारेच्या आधीचे. मी म्हटलं की मारेच्या दरबारी रानातून गेल्यावरच ते जंगली वाटतील.

चेटकिणी अजून कच्च्या आहेत. लय बदलते तिथे आम्ही अजून सावध होतो. सॅटरात ते सुटलंय.

२५ मे

झाली मैफल. सगळ्या खुर्च्या भरल्या, मागे काही जण उभे.

पॅव्हन जरा घाईत गेला. चेटकिणींच्या मध्यात पहिला टेनर एका आवर्तनानं पुढे निघून गेला, पण परत मिळाला. मारे छान झालं, विशेषतः फ्रेंच बेस व्हायोलला असते त्या सातव्या, खर्जाच्या तारेशिवायही तळातला भाग भरीव लागला.

सॅटर. पहिल्या वेळी लोकांनी पाय हलवले, ते मला माझ्या जागेवरून दिसत होतं. दुसऱ्या वेळी मी गज उलटा केला आणि लाकूड तारेवर पडलं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं आईचा हात धरला. चाल तीनात गेली. सांधा आला आणि या वेळी आमच्यापैकी कुणीच त्याची वाट बघत नव्हतं. तोल गेला आणि सावरला, पाचही जणांचा एकाच क्षणी, आणि त्याच तोलात आम्ही शेवटच्या ओळीत शिरलो. मध्यावर तोडलं.

कुणी टाळी वाजवली नाही. कुणाला वाटलंही नाही की वाजवावी. माझी तार थरथरत होती. मी तिच्याकडे बघत होते, समोर दुसऱ्या बेसवर टेनरवाल्या बाई त्यांच्या तारेकडे. रेघ बारीक झाली. खिडकीबाहेर लिंडेनच्या झाडात वारा होता, तो आधीपासून असणार, पण ऐकू आला तेव्हाच. तार दिसेनाशी झाली आणि आम्ही दोघींनी एकदम गज ढकलला.

२६ मे

तारा सैल केल्या, वाद्य पिशवीत. कागद गोळा करून फाइलमध्ये लावले. पाचही जणांच्या कागदांवरच्या पेन्सिलीच्या खुणा पुढच्या वेळेसाठी पुसून टाकायचा आमचा रिवाज आहे. सॅटरच्या पानावरच्या माझ्या ओळी मी पुसल्या नाहीत.